सायलेन्सरातलं पाणी

...अहो, उभे काय, बसा त्या टायरवर. नवलचं नाव काढलंत ना आता, मग ऐकाच — अठरा वर्षं याच शेडमध्ये माझ्या बरोबरीनं पाने फिरवले त्यानं. धुळ्याच्या हायवेवर देवचंद-नवल म्हटलं की पार जळगावहून डिझेलवाले यायचे. आणि आता? निळा इस्त्रीचा कोट घालून कंपनीच्या हायड्रोजन ट्रकला लॅपटॉप लावतो. लॅपटॉप! ही काय मिस्तरीगिरी झाली? जळतो? मी? छे, मी कशाला जळू — फक्त त्याची ती पांढरी नखं बघवत नाहीत, एवढंच.

ट्रेनिंगचं विचारायला कंपनीचा माणूस आधी माझ्याकडेच आला होता, बरं का. मी म्हटलं, हवेवर ट्रक चालतो होय? हाकलला त्याला. नवल गेला. आणि तीन महिन्यांनी पहिला ट्रक घेऊन इथंच थांबला, मला दाखवायला — रावेरचे केळीवाले दहा-बारा ड्रायव्हर गोळा झालेले. गाडी चालू आहे म्हणे, पण आवाज कुठाय? मी आपला सवयीनं मागं गेलो, सायलेन्सरला हात धरला — ओला! नुसतं पाणी! आता सायलेन्सरातून पाणी आलं म्हणजे काय? हेड गॅस्केट गेलं, इंजिनात पाणी शिरलं, दुसरं काय! ओरडलोच मी — ‘नवल, बंद कर, हेड उघडावं लागंल!’ ...त्या गाडीला हेडच नाही हो. इंजिनच नाही. हायड्रोजनची वीज होते आणि मागं पाणीच उरतं, हे मला कोण सांगणार? ड्रायव्हर पोट धरून हसले. नवल नाही हसला. म्हणतो, ‘भाऊनं बरोबर शे, हसू नका रे.’ माझं बरोबर आहे म्हणे! हसला असता तर परवडलं असतं. सांभाळून घेतलं त्यानं — मला!

तेव्हापासून येईल त्याला सांगतो, नवल डिझेल विसरला, त्याच्याकडे जाऊ नका. खोटं आहे ते — आपल्यात ठेवा. आणि दुपारी त्याचा ट्रक जातो ना, तेव्हा त्याला दिसणार नाही असा पुलाखाली जाऊन उभा राहतो मी, बघत. का? काय माहीत का.

जाऊ द्या. तुमच्या पिकअपचं बोला. कोणी पाठवलं म्हणालात? — नवलनं? काय म्हणाला? — ‘इंजिनाला कान लावावा तो देवचंदभाऊनीच’... असं म्हणाला? आणि त्या जामनेरवाल्यालाही त्यानंच? तो चोपड्याचा कापसाचा टेम्पो, तोही? म्हणजे या महिन्यात जी काही गाडी माझ्या दारात लागली ती बठ्ठी, सगळीच्या सगळी त्यानंच...

नको मला. उचला गाडी. अहो उचला म्हणतो ना, मी नाही हात लावणार — मारा स्टार्टर, निघा — — थांबा. रेस द्या जरा. अजून. ...डिझेलचं तिसरं नोझल गळतंय. बॉनेट उघडलं नाही, हात लावला नाही, सांगा त्याला. जा आता.