सरळ फुटवा, वाकडा गुलाब

आदरणीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरचे पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपल्या इमारतीचे सेक्रेटरीसाहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, आणि पंख्याखालच्या खुर्च्या आधीच धरून ठेवलेल्या माझ्या शेजाऱ्यांनो,

गेल्या वर्षी, रविवार, चार फेब्रुवारी, सकाळी सात वाजून वीस मिनिटं.

निरोपाला तारखा कशाला, असं अध्यक्षबाईंच्या चेहऱ्यावर दिसतंय. काय करू, चांगलं ते सगळं आधीच्या वक्त्यांनी बोलून संपवलं. माझ्या वाट्याला खरं तेवढं उरलं.

मी दात घासत होते. खिडकीतून पाहते तर साहेब बागेत दोरी ताणून उभे. त्यांनी जन्मभर नकाशे काढले. दोरीच्या वर जे दिसेल ते चूक. मेंदी कापली, जास्वंद कापली. मी ब्रशसकट खाली धावले, तोवर कात्री माझ्या गुलाबापर्यंत पोचली होती.

हा गुलाब आमच्या ह्यांनी स्वतः कलम करून वाढवलेला. केशरी, कडेला गुलाबी. हे गेले, त्यानंतर त्यांच्या हातचं एवढंच राहिलं होतं. आता, कलमाच्या खाली रानटी खुंट असतो. त्याला बुंध्यातून फुटवे येतात. सरळसोट, तजेलदार आणि बिनकामाचे. ते काढायचे आणि वरची वाकडीतिकडी फांदी जपायची. साहेबांनी काय केलं? सरळ ते ठेवलं, वाकडं ते छाटलं.

"बघा बाई, कसा तरतरीत दिसतोय," वर मलाच म्हणाले.

"साहेब, पाहुण्याला हाकलून तुम्ही त्याची छत्री जेवायला बसवलीत."

"येतील हो फुलं. जरा धीर धरा."

धरला. फुटवा माझ्या डोक्याच्या वर गेला. काटे भरपूर, फूल एक नाही. छाटलेल्यातल्या हाती लागल्या तेवढ्या फांद्या मी मातीत खोचल्या होत्या, त्या सगळ्या वाळल्या. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी क्षमा करायला शिकवलं होतं, पण त्यांच्या गुलाबाला कोणी हात लावला नव्हता.

काल निरोप घ्यायला साहेबांच्या घरी गेले, तर साहेब बाहेर गेलेले. मागच्या गॅलरीत, बांधलेल्या खोक्यांमध्ये एक कुंडी. कुंडीत केशरी फूल, कडेला गुलाबी.

वहिनी म्हणाल्या, "त्याच दिवशी कचऱ्यातून काडी उचलून आणली ह्यांनी. रोज मला विचारायचे, जगेल का गं? तुम्हाला सांगायचं मात्र धाडस होईना. तुमच्या तोंडाला घाबरतात."

"आणि आता?"

"आता लेकीकडे नेतायत. सामानाच्या ट्रकमधून."

मी कुंडी उचलली. वहिनींनी दार उघडून धरलं. साहेब, असे दचकू नका, कुंडी माझ्याकडे सुखरूप आहे. रात्री तिची पानं पाहिली. एकेक पान पुसलेलं. तेव्हा ठरवलं, रोप तुमचंच, घेऊन जा. पण त्याच्या दोन काड्या इथे राहतील, आणि त्या माझ्या हातून वाळता कामा नयेत. माती कोणती, सावली किती, पाणी कधी, हे मला लेखी हवंय. तोंडी चालणार नाही. तोंडी तुम्ही धीर धरा म्हणता.

अध्यक्षबाईंनी घंटी हातात घेऊनही वाजवली नाही, त्यांचे आभार. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आपलेही. बोलण्यात काही उणंअधिक झालं असल्यास क्षमा असावी. त्यातलं अधिक मुद्दाम होतं.

ट्रक शनिवारी अकराला येतो. साहेब, उत्तर दहाच्या आत.