सासरेबुवांचा हात

...नाही, पण मी म्हणतो, माणूस गेला की त्यानं जावं की नाही? आमचे सासरेबुवा! उभा जन्म गावाचे केस कापले, तीन मुली वाढवल्या, तिघींचे केस स्वतःच असे एकसारखे कापायचे की पाठमोरी कोण कुठली ते आईलाही कळेना. अंथरुणाला खिळलेल्यांची दाढी घरी जाऊन करायचे, तीही कानात गावभरच्या गप्पा सांगत! गेले तेसुद्धा दुकानातल्या खुर्चीतच, भर दुपारी, डोळ्यांवर चष्मा. सासूबाई डबा घेऊन आल्या, त्यांना वाटलं डुलकी लागली, अंगावर चादर टाकून परत गेल्या... इतकं शांत मरण! मग आता जावयाला का छळता हो?

तुम्हाला सांगतो, त्यांचं दुकान मी पुन्हा उघडलं. पहिलं गिऱ्हाईक पोस्टमन. बसला, डोळे मिटले. मी कात्री पुसतोय, तोवर याची मान हळूच डावीकडे कलली. हनुवटीखाली कुणी दोन बोटं लावावीत तशी! "वा!" म्हणतो, "सासऱ्यांचा हात अगदी उचललात!" मी हात लावलेला नाही, बरं का!

म्हटलं, असेल, पत्ते वाचून वाचून मान वाकडी झाली असेल! मग आला पाववाला. मी पाठमोरा, वस्तऱ्याला धार लावतोय, तर मागून, "अहो मामा, गार! पाणी गार आहे!" मामा म्हणजे सासरे, गाव त्यांना मामाच म्हणायचं! वळून बघतो तर मानेवर थेंब, आणि पाण्याची बाटली तिकडे फळीवर. मी हात लावलेला नाही! आरशात खुर्चीमागे मी एकटाच दिसत होतो... पण पाववाला ज्याच्याकडे बघून हसत होता, तो मी नव्हतो!

आणि गर्दी ही! "काय गुण आलाय हो हाताला!" इकडे मला दरदरून घाम. जेवताना घरी सांगितलं. बायको खो खो हसली. सासूबाईंनी मात्र हातातला घास खाली ठेवला. "उद्या मी येते."

आल्या. खुर्चीत बसल्या. जन्मात पहिल्यांदा! अहो, अख्ख्या गावाचे केस कापणारा हा माणूस, पण बायकोनं "माझी टोकं तेवढी कापा" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "घरचंच आहे, बघू उद्या." राहिलं ते राहिलंच. सासूबाईंनी डोळे मिटले. अंबाडा आपोआप सुटला. एकेक आकडा फळीवर जाऊन पडला. कात्री माझ्या खिशात, तरी कचकच ऐकू यायला लागली, आणि पांढरी टोकं जमिनीवर... आणि ह्यांनी काय म्हणावं? चक्क रागावून, "एवढी वर्षं लागतात होय टोकं कापायला?" आणि ढसाढसा रडल्या. मी हात लावलेला नाही... त्यांच्या खांद्यालासुद्धा नाही. धीरच झाला नाही.

तेव्हापासून दुकान गप्प. एक मान आपणहून कलत नाही. गिऱ्हाईकं कुरकुरतात, पांगतात. परवा म्हटलं आपणच बसून बघू. बसलो, डोळे मिटले, मान सैल सोडली... बसलोय, बसलोय... बायको दारात. "हे काय चाललंय?"

"बाबांची वाट बघतोय. केस वाढलेत."

"उठा! जिवंतपणी त्यांनी तुमचं काही ऐकलं होतं का?"

उठलो. काय करणार? गेलो पलीकडच्या गल्लीतल्या सलूनमध्ये. बघा, असे कापलेत. हसा, हसा!