ट्रायलचा कागद

आदरणीय अध्यक्ष महोदय, म्हणजे आमच्या कलाशाळेचे प्राचार्य, व्यासपीठावरचे मान्यवर, ज्यांच्यासाठी आज आपण जमलो ते रंगांच्या दुकानाचे मालक, आपले काका, त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू, आणि नखांत अजून रंग अडकलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. पहिल्या रांगेतून घड्याळावर बोट ठेवून जे गृहस्थ खुणा करताहेत, ते दातांचे डॉक्टर आहेत आणि माझे यजमानही. त्यांच्याकडे कुणी लक्ष देऊ नये. मीही देत नाही.

उद्यापासून काकांचं दुकान बंद. एकतीस वर्षं मी तिथून रंग नेले, आणि एकदाही यादी घेऊन गेले नाही. का? कारण मला माहीतच नसतं हो! लोक विचारतात, बाई, तुमच्या चित्रात झाड नाही, माणूस नाही, मग सुरुवात कशाने करता? काय सांगणार, कपाळ? एक रंग लावते आणि बघत बसते. तो नुसताच गप्प राहिला तर शेजारी दुसरा लावते. दोघांची जुंपली की मला हुरूप येतो. मग तिसरा, मग सुरीने खरवडणं, कॅनव्हास आडवा करणं, तीन दिवसांचं काम फडक्याने पुसणं. हात पुढे जातो, मी त्याच्या मागून जाते. आणि एके दिवशी हात ब्रशकडे जातो आणि रिकामाच परत येतो. तेव्हा समजायचं, झालं. आमच्या यजमानांना हे अजिबात पटत नाही. "कुठला दात काढायचा हे मी आधी बघतो," म्हणतात. बघायलाच हवं!

चार वर्षांपूर्वी मात्र मी नको तो शहाणपणा केला. एका नव्या इस्पितळाच्या दर्शनी भिंतीसाठी मोठं चित्र हवं होतं. समितीने आधी आराखडा मागितला. आयुष्यात पहिल्यांदाच मी सगळं ठरवून, कागदावर नीटनेटकं काढून दिलं. एकमताने मंजूर! आणि तिथेच माझं घोडं अडलं. पुढे काय येणार ते ठाऊक असल्यावर हात कशाला पुढे जाईल? पाच महिने मी रोज कॅनव्हाससमोर उभी राहायचे, रंग लावायचे, पुसायचे. सगळं मेल्यासारखं दिसायचं. शेवटी वाटलं, आपल्यात होतं नव्हतं ते संपलं. न उघडलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत भरल्या आणि काकांच्या काउंटरवर नेऊन ओतल्या. म्हटलं, "काका, हे परत घ्या. मी चित्रं काढणं सोडलं."

काकांनी मान वर न करता मागच्या पाटीकडे बोट दाखवलं. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.'

मी रडले. भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, हमसून हमसून. दुसऱ्या कुणी निदान पाणी दिलं असतं, समजूत काढली असती की नाही? काकांनी ट्रायलचा कागद पुढे सरकवला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, रंग घेण्याआधी बोटाने लावून बघायला काउंटरवर एका फळीला मोठा कागद टाचलेला असायचा. काका म्हणाले, "रडा सावकाश. पण हा निळा आजच आलाय, तेवढं बघून सांगा, दाट आहे का पातळ?"

लावला, नाक ओढत ओढत. त्याच्या शेजारी, का कोण जाणे, मातकट पिवळा लावला. जुंपली की दोघांची! मग लाल लावला, मग नखाने खरवडलं. गिऱ्हाइकं मला वळसा घालून जात होती. कागद भरला तेव्हा दीड तास झाला होता आणि माझे दोन्ही हात कोपरापर्यंत रंगले होते. त्या कागदावरचं कुणी आधी मंजूर केलेलं नव्हतं ना! काकांनी सगळ्या ट्यूबा पुन्हा पिशवीत भरल्या आणि पिशवी माझ्या हातात दिली.

इस्पितळाचं चित्र बारा दिवसांत झालं. तिथले मोठे डॉक्टर म्हणाले, "आम्ही मंजूर दुसरंच केलं होतं." मी म्हटलं, "हो." ते चार पावलं मागे सरकले आणि म्हणाले, "राहू दे, हेच लावा." आराखडा त्यांनी फ्रेम करून स्वतःच्या खोलीत टांगलाय, तो भाग वेगळा.

आता गंमत ऐका. परवा दुकान आवरायला गेले होते, तेव्हा काकूंनी बिंग फोडलं. "आजच आलेला कसला? आठ वर्षं कपाटात पडून होता तो निळा!" काका, तुम्ही माझ्याशी चक्क खोटं बोललात. तुम्ही खोटं बोलला नसतात तर मी आज इथे चित्रकार म्हणून उभी नसते. हे मला सगळ्यांदेखत सांगायचं होतं. थांबा, पाणी नको, ठीक आहे मी.

ट्रायलच्या कागदाची तीच फळी दाराशी ठेवली आहे, नवा कागद लावून. तो कागद काकांच्या घरी जाणार आहे. जाताना प्रत्येकाने बोटाने एकेक रंग लावून जावा, दातांच्या डॉक्टरांनीसुद्धा, आणि कृपा करून आधी काही ठरवू नये.

आयोजकांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, सगळ्यांची मनापासून आभारी आहे. पाचाची दहा मिनिटं झाली. बोलण्यात एखादा फटकारा जास्त पडला असेल तर मोठ्या मनाने पुसून घ्या. मी रोज पुसते.

आणि काका, त्या दिवशी तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहूनच गेलं. दाट होता. जुना होता, पण चांगला दाट होता.