शेतकरी कोण?

फिजीतल्या राकिराकीच्या ऊस कचेरीत खताच्या अनुदानासाठी रांग लागली होती. पुढे बिसुनवती आपल्या दिराला फैलावर घेत होती, तसे रांगेत मागे उभ्या मुनसामीने कान टवकारले.

"बारा वर्षं ऊस मी लावतेय, भावजी. अर्ज तुमच्या नावाने कशाला?"

"उसाच्या करारावर माझंच नाव आहे, वहिनी. मी काय करू?"

"सिडनीहून नुसते सहीपुरते उगवता! वर खताची पोती मेव्हण्याच्या शेतात उतरवता!"

"हळू बोला, लोक ऐकतायत."

"ऐकू देत की!"

खिडकीतून कारकुनाने विचारलं, "शेतकरी कोण?"

"मी," दीर म्हणाला.

"यंदा नवी लागण आहे की जुन्या बुडख्यांचा खोडवा?"

दीर मागे वळला. "वहिनी, सांगा ना."

"त्यांनी शेतकऱ्याला विचारलंय, भावजी. द्या उत्तर!"