पाकीट चिकटवल्यावर

ब्याण्णव सालची गोष्ट. पनवेलच्या पोस्टात मिठागरवाला तुळशीराम लेकीसोबत रांगेत उभा होता. मालूच्या हातात अमेरिकेला जायचं पाकीट, आत अर्थशास्त्राच्या पीएचडीचा अर्ज आणि हाच विषय का, यावरचा निबंध.

“निबंधात काय लिवलंस?”

“लहानपणापासून अर्थशास्त्राची आवड आहे.”

“लानपनी तुला कैऱ्यांची आवड व्हती.”

“बाबा, हळू बोला!”

“मीठ आपण पिकवतो, मग भाव व्यापारी का ठरवतो, असं इचारायचीस. मना अजून जबाब सुचला नाय. ते लिवलंस?”

“मिठागरातलं काय लिहायचं? तिथले मोठे प्रोफेसर वाचणार.”

“ते अळणी जेवतात?”

मालू हसली, मग मान खाली घालून पाकिटाची कड चाचपू लागली. तुळशीरामला वाटलं, पोर रागावली.

“बाबा, पाकीट चिकटवलंय हो.”

“फोड! नंबर मी धरतो, अन् डिंक सरकारचाच हाय.”