पिवळ्या रेषेमागे उभ्या असलेल्या मुलीबाबत

वय ४६ वर्षे, धंदा – डॉक्टर व संशोधन प्रशिक्षक, राहणार – रुग्णालयाच्या आवारातील कर्मचारी निवास, दुसरा मजला. मी पोलिसांनी समक्ष विचारल्यावरून जबाब देते की,

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. रुग्णालयाच्या अपघात विभागात, नव्याने संशोधनाकडे वळलेल्या सहा डॉक्टरांना मी शिकवते. गंभीर रुग्ण दारातून आत आल्यापासून उपचार मिळेपर्यंतचा वेळ कुठे वाया जातो, हे ते घड्याळ लावून टिपतात. टिपणाऱ्याने जमिनीवरच्या पिवळ्या रेषेमागे उभे राहायचे, बोलायचे नाही, रुग्णाला हात लावायचा नाही. मदत केली की वेळ बदलतो व नोंद खोटी ठरते. हा नियम माझा आहे. त्याला अपवाद मी लिहून दिलेला नाही.

आजच्या मारहाणीत जखमी झालेली मुलगी त्या सहांपैकी एक, वय २६. लहानखुरी आणि सतत धावपळ करणारी, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणतात. मीही म्हणते. मागच्या आठवड्यात तिने एका म्हातारीला ऑक्सिजनचा मास्क लावून दिला. मी तिची नोंद सर्वांसमोर फाडली व म्हणाले, "मुंगीताई, समाजसेवा करायची असेल तर बाहेर बाकडं मोकळं आहे." सगळे हसले. तीही हसली.

आज सकाळी ११.२० वाजता दोन भावांनी आपल्या वडिलांना रिक्षातून आणले. वय अंदाजे ६०, छातीत कळ, अंगाला घाम. ड्यूटीवरचे दोन्ही डॉक्टर पलीकडच्या खोलीत एका जखमीचा रक्तस्राव थांबवत होते. सिस्टरांनी हाक मारली. "आलोच," असे उत्तर आले. ११.२३ ला रुग्णाची मान कलली. सिस्टर एकट्या छाती दाबू लागल्या. रेषेमागे उभ्या असलेल्या मुंगीने नोंदीचा पुठ्ठा खाली ठेवला आणि काचेआड मी बसले होते तिकडे पाहिले. मी मान हलवली. नाही, अशी. डॉक्टर आलेच, असे मला वाटले. तिने पुठ्ठा उचलला. डॉक्टर ११.२७ ला आले. ११.४८ ला त्यांनी हात थांबवले.

थोरला भाऊ रडला नाही. मुंगीकडे वळून म्हणाला, "बाप जात होता आणि तू घड्याळ बघत होतीस?" ती म्हणाली, "दादा, माझं ऐका." त्याने सलाईनचा लोखंडी स्टँड उचलून तिच्या तोंडावर मारला. जबडा तुटल्याचा आवाज काचेतून मला ऐकू आला. ती गुडघ्यांवर बसली. दुसरा घाव डोक्यावर, तिसरा डाव्या डोळ्यावर. ती आडवी झाल्यावर धाकट्याने पोटात लाथा घातल्या. पाच. मी मोजत होते. सिस्टर तिच्या अंगावर पालथ्या पडल्या, त्यात त्यांचे मनगट मोडले. "अरे बास कर, मरेल ती," असे त्या म्हणत होत्या. थोरला म्हणत होता, "आता बघ. बघ ना घड्याळ." माझ्या खुर्चीपासून ती जागा नऊ पावलांवर आहे. तिथे पोहोचायला मला किती वेळ लागला, हे सांगता येत नाही. मी पोहोचले तेव्हा रखवालदारांनी दोघांना धरले होते.

तिचा डावा डोळा काढावा लागला. ती अद्याप शुद्धीवर नाही.

कोणीतरी फोनवर घेतलेले चित्रण दुपारपासून फिरत आहे. त्यात ती पुठ्ठा घेऊन उभी दिसते. मी त्यात नाही. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर तिच्या आईने मला विचारले, "मॅडम, लोक म्हणतात ते खरं का हो? माझी पोरगी नुसती बघत उभी राहिली? तिला तर शेजारचं मूल पडलं तरी हातातलं टाकून धावायची सवय." मी त्यांना पाणी आणून दिले.

मारहाण त्या दोघा भावांनी केली. त्यांच्याविरुद्ध माझी कायदेशीर तक्रार आहे. मुंगी मात्र स्वतःच्या मनाने उभी राहिली नव्हती. या जबाबाची एक प्रत तिच्या आईला मिळावी.

जबाब लिहून झाल्यावर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी मान हलवल्याचे वाक्य गाळले तरी चालेल, ते ठेवल्यास आरोपींचा फायदा होईल व माझी नोकरी जाईल, असे मला समजावण्यात आले. ते वाक्य पुन्हा एकदा वाचायला लावून मी ऐकले. त्यासह संपूर्ण मजकूर मी सांगितला तसाच असून खरा आहे.