गाडी चालवते माझी लेक

पुढच्या बाकावर गाठोडं मांडीवर घेऊन बसलेल्या शिंपीणबाईंना बस चालवणारी तरुणी आणि तिच्यामागे दांडा धरून उभे असलेले आजोबा यांचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"बाबा, टॅक्सी कुठंय आज?"

"घरी. गर्दीच्या भागात गाडी नेली की पैसे भरा म्हणतात. तीस वर्षं याच रस्त्यांवर घासली, आता आत शिरायचे पैसे?"

"त्याच पैशांतून ही बस आली. माझी नोकरीसुद्धा."

"माहीत आहे. म्हणून तर दोन महिने चढलो नाही."

"बोललाही नाहीत."

"वळण मोठं घे. लांबलचक धूड आहे हे."

"घेतलं."

"हं. बरं घेतलंस. कुणी शिकवलं?"

"तुम्हीच. आरशात बघ, आरशात बघ, म्हणून कान किटवले होतेत."

"ब्रेक मात्र माझ्याहून हलका मारतेस. माणसं डुलक्या घेतायत मागे."

"दवाखाना आला, बाबा. उतरा."

"डोळेच तपासायचेत ना? उद्या तपासतील. चल तू."

"अहो, पण जायचंय कुठं?"

"शेवटच्या थांब्यापर्यंत. तिकीट तिथलंच काढलंय."

चालक मुलीनं एकदा आरशात पाहिलं, मग दार लावून बस हलकेच पुढे काढली. आजोबा शिंपीणबाईंकडे वळले.

"माझी मुलगी आहे," त्यांनी सांगितलं, अगदी मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.